वासाचा रकाना

४ जानेवारी

नगरपालिकेच्या नोंदवहीत वासाला रकाना आहे, रागाला नाही. म्हणून कपाटातली ही कोरी वही काढली. आजपासून डोक्यात येईल ते इथे. कुणी वाचणार नाही, तेव्हा अक्षराकडे बघायचंही कारण नाही.

सत्तावीस वर्षं मी या गावाचं सांडपाणी साफ करतोय. सोळा हजार माणसं सकाळी उठून जे काही नळीतून खाली ढकलतात आणि विसरून जातात, ते माझ्याकडे येतं. आधी जाळीत चिंध्या, केस, पिशव्या अडकतात. मग पाणी हवेच्या टाकीत जातं. तिथे ब्लोअर चोवीस तास तळातून बुडबुडे सोडतो, त्या हवेवर जिवाणू जगतात आणि घाण खाऊन फस्त करतात. पुढे निवळण टाकी, आणि मग ओढा. ओढ्याचं पाणी खालच्या वस्तीतली गुरं पितात, भाज्यांना जातं, बायका त्यात कपडे धुतात. हवा कमी पडली की टाकीला सडका वास सुटतो. सगळं बरोबर असलं की कुंडीतल्या मातीसारखा वास येतो. माझ्या आधी इथे असलेल्या वस्तादाने मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. “मीटर बिघडतं, नाक बिघडत नाही,” म्हणायचा. तेव्हापासून रोज सकाळी आठला मी टाकीच्या काठावर उभा राहून तीन श्वास घेतो आणि रकान्यात लिहितो. गावात मला नाकवाले काका म्हणतात. मध्ये ऑक्सिजन मोजायचं मीटर आलं होतं, ते खोक्यातच आहे.

आणि आज साहेबांनी माझ्यापुढे एक अर्ज टाकला. साहेब म्हणजे नगरपालिकेचे अभियंता. अर्ज शेजारच्या मुलींच्या शाळेचा. ‘केंद्रातून येणाऱ्या असह्य दुर्गंधीमुळे वर्ग चालवणे अशक्य झाले आहे.’ असह्य म्हणे. खाली पहिली सही मुख्याध्यापिकेची, आणि मुख्याध्यापिका कोण, तर माझी सख्खी मेहुणी. हिच्या लग्नात मी तीन दिवस पंगतीत वाढत होतो.

अर्ज वाचून तसाच टाकीवर गेलो. तीनऐवजी सहा श्वास घेतले. काही नाही. वास असता तर आला नसता का?

५ जानेवारी

शाळेला आमच्या बाजूने अकरा खिडक्या आहेत. आज मुद्दाम मोजल्या. अकराच्या अकरा बंद. बाहेर एवढं स्वच्छ ऊन पडलंय आणि ह्या मुलींना कोंडून बसवतात. कशासाठी, तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं की बघा, आम्हाला किती त्रास. मी नाटकं पुष्कळ पाहिलीत.

८ जानेवारी

घरीही डोक्याला ताप. महिनोन्महिने चहा नुसतं गरम पाणी लागतो. आज दुकानदाराला सुनावलं, पावडरीत भेसळ करतोस म्हणून. तो म्हणतो, “काका, हीच पावडर अख्खं गाव पितं.” मग अख्खं गाव फसतंय. साबणालाही हल्ली वास राहिलेला नाही. कंपन्या चोर आहेत आणि कुणी बोलत नाही, सगळे मुकाट अंगाला चोळतात.

जूनमध्ये आठ दिवस तापाने झोपलो होतो, तेव्हापासून तुमच्या तोंडाची चव गेलीय, असं बायको म्हणते. माझी चव गेलेली नाही. माल खराब येतोय.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. ही अंगणातून धावत आली आणि शेगडी बंद केली. दुधाचं पातेलं तळाशी कोळसा झालं होतं. “अहो, दोन हातांवर बसला होतात तुम्ही,” म्हणाली. मी म्हटलं, पेपर वाचत होतो, दुधाची राखण करत नव्हतो. ती पातेलं घासत बसली आणि मधूनच माझ्याकडे बघत राहिली. बायकांचं हे असं बघणं मला आवडत नाही.

१२ जानेवारी

आज कळलं अर्जाचं पुढे काय होणार ते. २८ तारखेच्या सभेत केंद्रच बंद करायचा ठराव येतोय. जाळीच्या पुढून एक नळ टाकायचा आणि गावाची सगळी घाण तशीच ओढ्यात सोडायची.

साहेब खुर्चीवर रेलून म्हणाले, “काका, तुमची नोंदवही मी सभेत ठेवणार आहे. एक दिवस चुकलेला नाही. सात महिने रोज ‘वास : ठीक’. याचा अर्थ काय होतो? केंद्र अगदी नीट चाललंय, आणि तरीही गाव बोंबलतंय. म्हणजे केंद्रच कुचकामी. मग ते चालवायचं कशाला?”

मी म्हटलं, “साहेब, केंद्र नीट चाललंय म्हणजे वास येत नाही. गाव खोटं बोलतंय.”

“सोळा हजार लोक?”

“एकाने सुरुवात केली की बाकीचे माना डोलावतात.”

ते हसले. ह्या माणसाने आजवर कधी टाकीच्या काठावर पाय ठेवलेला नाही, फाटकातूनच नाकाला रुमाल लावून परत जातो, आणि हा ठरवणार केंद्र कुचकामी आहे की नाही. खालच्या वस्तीतल्या गुरांना कुणी विचारणार आहे का? सत्तावीस वर्षं मी त्या ओढ्यात मासे टिकवले. माझ्याच अक्षरातल्या माझ्याच वहीने साहेब माझं केंद्र बुडवणार. संताप संताप होतो.

१५ जानेवारी

नेहमीसारखं टाकीतलं पाणी काचेच्या लांब नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवलं. गाळ खाली बसला, पण रंग काळपट. एरवी तपकिरी असतो. जरा चरकलो. लगेच नळकांडं नाकाला लावून हुंगलं. वाईट वास नाही. गावात कुणीतरी रंगाचं पाणी सोडलं असणार. नोंद केली, ‘वास : ठीक.’

वॉचमन सकाळी फाटकावर तोंडाला फडकं बांधून बसलेला असतो. विचारलं तर म्हणाला, “थंडी वाजते काका.” हल्लीच्या पोरांना कसलीच सवय नाही. पोरगा म्हणजे चाळिशीचा आहे.

घरी माझे कामाचे कपडे ही आता बाहेरच उतरवायला लावते. वेगळी बादली काढलीय. सत्तावीस वर्षांत हे कौतुक नव्हतं. बहिणीने कान भरलेत, दुसरं काय.

१९ जानेवारी

ठरलं. २३ तारखेला सकाळी आठ वाजता सगळ्यांना टाकीवर बोलावतो. अध्यक्षबाई, साहेब, झाडून सगळे सदस्य आणि मुख्याध्यापिकाही. काठावर उभं राहा, श्वास घ्या आणि माझ्या तोंडावर सांगा. घरात बसून अर्ज कुणीही करतं. स्वतःच्या हाताने नऊ पत्रं लिहिली, स्वतः नेऊन दिली. शाळेत शिपायाकडे दिलं, आत गेलो नाही.

बायको म्हणाली, “अहो, नका बोलवू.”

“का?”

“नका ना.”

हिलाही माझ्यावर विश्वास नाही.

२३ जानेवारी, दुपार

जेवण तसंच टाकून लिहायला बसलो.

सातजण आले. मी काठ धुऊन घेतला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, चहासुद्धा सांगितला होता. आठ वाजता मी पुढे होऊन तीन श्वास घेतले, छाती भरून. मागे वळून म्हटलं, “आता तुम्ही घ्या.”

कुणी पुढे येईना. अध्यक्षबाईंनी रुमाल नाकावर घट्ट दाबला होता, डोळ्यांत पाणी. एक सदस्य झाडाच्या आळ्याजवळ जाऊन ओकला. चहावाला फाटकापाशीच किटली ठेवून पळाला. साहेब तर गाडीतून उतरलेच नाहीत. मी म्हटलं, “शाबास. तालीम चांगली केलीत.” अध्यक्षबाई निघून गेल्या, मागोमाग बाकीचे.

फक्त मेहुणी थांबली. तिनेही नाक दाबलं होतं, पण बघत होती ती टाकीकडे नाही, माझ्याकडे. दूध जळालं तेव्हा बायको बघत होती तशीच. मी म्हटलं, “तुझ्या अकरा खिडक्या कमी पडल्या म्हणून इथेही नाटक?”

“भाऊजी,” ती म्हणाली, “संध्याकाळी घरी येते.”

मी म्हटलं, यायचं कारण नाही.

२३ जानेवारी, संध्याकाळ

आली. तीन महिन्यांनी पायरी चढली. बायकोने दार उघडलं, दोघींची नजरानजर झाली.

मेहुणीने पाणीही घेतलं नाही. स्वयंपाकघरात गेली, काहीतरी खुडबुड केली, आणि बशा आपटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “भाऊजी, डोळे मिटा. दोन बशा आहेत. एकीत कॉफीची पूड आहे, एकीत रॉकेल. कॉफी कुठली ते सांगा, म्हणजे मी अर्ज मागे घेते.”

हा अपमान होता. सत्तावीस वर्षं नाकावर पोट भरलेल्या माणसाला हे विचारायचं? पण म्हटलं, होऊनच जाऊ दे. डोळे मिटले. डावी हुंगली, उजवी हुंगली. सगळं सारखंच, कोरं. पण कॉफीचा वास मंद असतो, तेव्हा उजवीकडे जरासं काहीतरी आहे असं वाटलं.

“उजवी,” म्हणालो.

डोळे उघडले. दोन्ही बशांत रॉकेल होतं.

बायको भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“तापानंतर शंका आली. दूध जळालं त्या दिवशी खात्री झाली.”

“मग बोलली का नाहीस?”

“रोज सकाळी उठून तुम्ही ते तीन श्वास घ्यायला जाता,” ती म्हणाली. “ते मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ?”

मी दोघींना वाटेल ते बोललो. इथे लिहीत नाही. मेहुणी जाताना एवढंच म्हणाली, “सातवीच्या दोन मुली गेल्या आठवड्यात उलट्या करत होत्या, भाऊजी. मला तुमचं केंद्र बंद नको होतं. मला खिडक्या उघडायच्या होत्या.”

२४ जानेवारी

कामावर गेलो नाही. पहिल्यांदाच.

दुकानदाराची माफी मागायला हवी. आज नाही जमणार.

२५ जानेवारी

दिवसभर एकच डोक्यात फिरत होतं. माझं नाक गेलं हे खरं, पण नाक गेल्याने टाकी सडत नाही. टाकी का सडली?

खोकं उघडलं. मीटरवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. सेल आणून घातले, मीटरची वायर टाकीत सोडली. आकडा दोनाच्या आसपास हवा. शून्य पूर्णांक एक आला. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. म्हणजे टाकीत हवाच नाही. ब्लोअर तर माझ्यासमोर घरघरत होता.

मग ब्लोअरच्या पेटीवरचं तास मोजायचं यंत्र आठवलं. त्याच्याकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, नाक असताना कशाला बघू. संध्याकाळी पाचला निघताना आकडा कागदावर उतरवून घेतला.

२६ जानेवारी

काल पाच ते आज सकाळी आठ, पंधरा तास होतात. यंत्र पुढे सरकलं होतं सहा तासांनी.

वॉचमनला तिथेच गाठलं. तो बिचारा लगेच बोलला. “साहेबांनीच सांगितलंय काका, जुलैत. वीज वाचवायला रात्री नऊ ते सकाळी सहा ब्लोअर बंद.”

“आणि मला कुणी सांगायचं?”

“मी म्हटलं होतं, काकांना विचारू का. साहेब म्हणाले, बिघडलं तर त्यांना वास येईलच, तेव्हा तेच सांगतील. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला चालतंय.”

रोज नऊ तास माझ्या जिवाणूंचा गळा दाबत होते, आणि रोज सकाळी मी काठावर उभा राहून ‘ठीक’ लिहीत होतो.

झेंडावंदन उरकून साहेब खोलीत बसले होते, तसाच आत घुसलो. त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. “काका, एक महिना करून पाहिलं. तुमच्या वहीत ठीक होतं, म्हणून पुढे चालू ठेवलं. मी तुमच्यावरच विसंबून होतो.”

“हुकूम कागदावर कुठे आहे?”

“तोंडी होता.” आणि मग हळूच म्हणाले, “हे सभेत काढायचं असेल तर तुम्हाला आधी सांगावं लागेल की तुमचं नाक काम करत नाही. अशा माणसाला त्या जागेवर ठेवता येत नाही. तुमचं वर्ष राहिलंय ना निवृत्तीला?”

वर्ष आणि दोन महिने. हिशेब बरोबर ठेवतो माणूस.

२७ जानेवारी

गप्प बसलो तर नाकवाले काका म्हणूनच घरी जाईन. लोक म्हणतील, केंद्र वाईट होतं, माणूस चांगला होता. आणि ओढा मरेल. बोललो तर उद्या गावातली पोरंसोरं मागून हसतील.

बायकोला विचारलं काय करू. ती भाजी निवडत होती. “मला विचारून तुम्ही कधी काही केलंय का?” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “कपडे कुठले घालणार ते सांगा, इस्त्री करते.”

खरं लिहायचं तर भीती वाटते. नोकरीची कमी, हसण्याची जास्त.

२८ जानेवारी

साहेबांनी माझी वही टेबलावर ठेवली, कौतुकाने पानं उलटली. रोज ठीक, रोज ठीक. मग ठराव वाचला.

मी उठलो. बोलायचं पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, “ती वही रद्द धरा. मला वास येत नाही. जूनपासून येत नाही. परवा मी रॉकेलला कॉफी म्हणालो.”

हसले. हसणारच. मागच्या रांगेत एकाला तर ठसका लागला. हसणं थांबेपर्यंत मी उभा राहिलो, आणि मग तासांचा कागद पुढे ठेवला. पंधरा तासांतले सहा. त्यावर कुणी हसलं नाही. वॉचमनला दारातून बोलावलं. घाबरला होता, पण जे होतं ते त्याने सांगितलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही या कामाला योग्य नाही, असं तुम्हीच लिहून देताय?”

“देतो. पण आधी रात्रीचा ब्लोअर चालू करा. मग मला काढा.”

मेहुणी पहिल्या रांगेत होती. ती उठून म्हणाली, “माझ्या अर्जात केंद्र बंद करा असं कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या निम्म्या मुली ओढ्याच्या खालच्या अंगाला राहतात. इथला वास घालवायला तो त्यांच्या दारात नेऊन सोडायचा का?”

तासभर वाद चालला. शेवटी ठरलं, एक महिना ब्लोअर दिवसरात्र चालवून पाहायचा आणि मग ठराव. माझी जागा सध्या तशीच, पण मीटरची नोंद रोज करायची, आणि वासाचा रकाना नाक शाबूत असलेल्या माणसाने सांगायचा. कोण सांगणार, म्हणून विचारलं. सगळे खाली बघायला लागले. मेहुणीने हात वर केला.

साहेबांकडून केंद्र काढलं, उद्यापासून त्यांच्याकडे नव्या बागेचं काम. माझं नाक गेलं ते सभेच्या इतिवृत्तात तीन ओळींत आलं. त्यांनी हवा तोडली त्याची एक ओळ नाही. तोंडी हुकूम होता ना, तोंडातच विरला.

२ फेब्रुवारी

शाळा भरायच्या आधी मेहुणी येते. काठावर उभी राहते, तीन श्वास घेते. सांगते, मी लिहितो. पहिल्या दिवशी ‘सडक्या अंड्याचा’. दुसऱ्या दिवशी तेच. आज ‘सडक्या अंड्याचा, पण जुन्या.’ मी म्हटलं, असं काही लिहीत नाहीत. ती म्हणाली, “नाक कुणाचं?”

मुकाट लिहिलं.

११ फेब्रुवारी

मीटर शून्य पूर्णांक नऊ. वास : ‘ओल्या पोत्याचा.’

दुकानदाराकडे गेलो. त्याने बोलूच दिलं नाही, पावडर बांधून दिली. गावभर कळलंय. परवा चौकात एक टारगट माझ्यापुढे रॉकेलचा डबा धरून म्हणाला, “काका, कॉफी घेणार?” घरी येऊन चांगला तासभर फणफणलो. बायको हसली, मग मीही.

२४ फेब्रुवारी

आज मेहुणी आली नाही. आठ वाजले, सव्वाआठ झाले. नोंदवही उघडी, रकाना रिकामा. मीटर एक पूर्णांक नऊ, नळकांड्यातला गाळ तपकिरी. तरी मनात आलं, हिला काय वाटलं, आपल्या मर्जीने यायचं आणि मर्जीने नाही यायचं? सरकारी काम आहे. मी तावातावाने फाटकापर्यंत गेलो, तिला हाक मारायला म्हणून मान वर केली.

खिडक्या उघड्या होत्या. मोजल्या. दहा. आतून मुलींचा पाढे म्हणायचा आवाज येत होता, आणि एका खिडकीतून ती फळ्यावर काहीतरी लिहिताना पाठमोरी दिसत होती. आली नाही, कारण विसरली. यायचं कारणच तिला राहिलं नव्हतं.

मी परत आलो आणि रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘शाळेच्या अकरापैकी दहा खिडक्या उघड्या.’

मग तीन श्वास घेतले. काही आलं नाही.

अकरावी खिडकी का बंद, ह्या विचाराने मात्र दुपारपर्यंत डोकं उठलं. शेवटी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, सात महिने उघडली नव्हती, बिजागरी गंजून बसलीय. अर्ज केलाय, माणूस येईल. अर्ज केलाय म्हणे. ब्लोअरला घालायचं तेल माझ्याकडे डबाभर आहे. उद्या शाळा भरायच्या आधी मीच जाऊन येतो.